माग थांबू नये म्हणून

"अठरा वरीस तुम्ही पाळ्या वाटतस, आनि अठरा वरीस वरणमा पानी मी टाकस. त्यानं मी कधी नाव काढं का?" उषाबाई म्हणाली. "पन आते पोरीनं ताट उचली द्याले निघनात, तं मी गप बसाव नही."

बळीराम उंबऱ्याशी बसून स्टोव्हच्या वाती बदलत होता. त्याने मान वर केली नाही. भांडण काल संध्याकाळी सुरू झालं होतं, जेवताना थांबलं होतं आणि सकाळी चहाबरोबर पुन्हा पेटलं होतं. शुक्रवारी त्यांच्या भागातल्या यंत्रमागांना विजेची सुट्टी असे, त्यामुळे त्याला कुठे निघूनही जाता येत नव्हतं.

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत एका रांगेत अकरा खोल्या होत्या. बळीरामची चौथी. सातवीत रंजना राहत होती, तिची दोन मुलं आणि साड्यांना टिकल्या लावण्याचं काम घेऊन. तिचा नवरा गजेंद्र आठ महिन्यांपूर्वी गेला, बळीरामच्याच खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, स्टार्टरला हात लागून शॉक बसून. नुकसानभरपाईचा तिचा दावा कामगार कचेरीत होता आणि सोमवारी त्याची तारीख होती. युनियनचा वकील गुरुवारी येऊन बळीरामला सांगून गेला होता की आता साक्षीला एकच माणूस उरला आहे. तो आला तर दावा उभा राहील. नाही आला तर रंजनाबाईंनी गावी, दिराच्या घरी जायची तयारी करावी.

बळीरामने साक्ष दिली तर शेठ त्याला एक दिवस ठेवणार नव्हता. एवढंच असतं तर उषाबाईने दोन दिवस भांडण केलं नसतं. पण शेठच्या वडिलांच्या नावाचा एक ट्रस्ट होता आणि त्या ट्रस्टच्या पैशावर त्यांची हर्षदा बारडोलीला नर्सिंग शिकत होती. फी, वसतिगृह, दोन वेळचं जेवण, पांढरे कपडे, सगळं ट्रस्टचं. अजून दीड वर्ष राहिलं होतं.

"रंजनाले मी देत नही का?" उषाबाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "रोज चार भाकरी देस. पोऱ्यांसले दूध देस. मन्हं शे ते देस. पोरीनं कसं देऊ?"

 बळीरामने जुन्या वाती कागदात गुंडाळल्या आणि हात धुवायला उठला.

बळीराम बेटावदहून सुरतेला आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. लग्न झालेलं, बायको गावी, आणि सहा जणांच्या खोलीत त्याची वळकटी ठेवायला एक कोपरा. दुसऱ्या वर्षी त्याला टायफॉइड झाला. सतरा दिवस तो त्या कोपऱ्यात पडून होता आणि रोज सकाळी आठचा भोंगा ऐकला की त्याला वाटायचं, आज आपल्या मागांवर दुसरा कुणीतरी उभा राहिला असेल, आता आपली जागा गेली. खात्यात आजाऱ्याला रजा नव्हती. माग दोन दिवस थांबले की मास्तर, म्हणजे मुकादम, नवा कारीगर उभा करायचा.

अठराव्या दिवशी तो भिंतीला धरून खात्यात गेला तेव्हा त्याचे आठही माग चालू होते. शेजारच्या मागांवरचा चिंधा नावाचा एक म्हातारा कारीगर आपले आठ आणि बळीरामचे आठ असे सोळा माग सतरा दिवस एकटा सांभाळत होता. कापडाचा ताका उतरला की त्याला कारीगराच्या नावाची चिठ्ठी बांधायची पद्धत होती, त्या चिठ्ठीवरून मजुरी ठरायची. चिंधाने सतरा दिवस बळीरामच्या मागांवर उतरलेल्या प्रत्येक ताक्याला बळीरामच्या नावाची चिठ्ठी बांधली होती. पगाराचं पाकीट पूर्ण आलं. बळीराम ते घेऊन चिंधाकडे गेला, तर म्हातारा चिडलाच. म्हणाला, माले नको. कोनी पडना तं त्यानी मशीन थांबू देऊ नको, एवढंच ध्यानमा ठेव.

चिंधा पुढे गावी गेला आणि तिकडेच वारला. बळीरामने त्याचं सांगणं ध्यानात ठेवलं. कुणाचा पाय मोडला, कुणाची बायको बाळंत झाली, कुणी बापाच्या मातीला गावी गेला, की बळीराम त्याच्या मागांवर उभा राहायचा. हळूहळू दुसरेही राहू लागले. शिंदखेड्याचे, साक्रीचे, पुढे ओडिशातले कारीगर आले तेही शिकले. कुणी शिकवलं नाही, बघून शिकले. नवा पोरगा आला की त्याला सांगितलं जायचं, आपल्या खात्यात माणूस पडला तरी माग पडत नाही.

बळीराम देवळात पैसा टाकत नसे. गणपतीची वर्गणी देताना खळखळ करी. पण पाळ्या त्याने किती दिल्या याची मोजदाद नव्हती. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. गल्लीत बायका म्हणत, उषाबाईचा नवरा देवमाणूस आहे. उषाबाई ते ऐकून घेई आणि घरी येऊन तांदूळ निवडायला बसे. हर्षदा सहा वर्षांची असताना पाण्याच्या टाकीवरून पडून तिचा हात मोडला, तेव्हा हा देवमाणूस आपली रात्रपाळी संपवून दिवसा कुणा लखनच्या मागांवर उभा होता. उषाबाईने पोरीला कडेवर घेऊन दवाखाना गाठला. तिथे तिने बांगडी काढून दिली. ते तिने नंतर कधी बोलून दाखवलं नाही. पण ती बांगडी पुन्हा झालीही नाही.

शेठचं देणं वेगळं होतं. स्टेशनाजवळ त्याच्या आईच्या नावाची पाणपोई होती. सरकारी शाळेत दोन वर्गखोल्या होत्या. इस्पितळातल्या बारा पंख्यांवर, प्रत्येक पंख्याच्या तीनही पात्यांवर, त्याच्या बापाचं नाव लाल रंगात लिहिलेलं होतं. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नसे, बंद पडला की दिसे. प्लेगच्या साली तो कुटुंबासह कुठेतरी निघून गेला होता. परत आल्यावर मंडप घालून त्याने लोकांना कॅप्सूलच्या पट्ट्या वाटल्या. तोवर रोग ओसरला होता. तरी लोक रांगेत उभे राहिले. उषाबाईसुद्धा राहिली होती. त्या पट्ट्या अजून घरात फळीवर होत्या.

त्यानंतर शेठने 'आपल्या कारीगरांच्या मुलींसाठी' शिक्षणाची मदत सुरू केली. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या चार मुली निवडल्या. हर्षदा त्यांतली पहिली. टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मुलींना स्टेजवर बोलावून हार घातले, वह्या दिल्या, गुजराती पेपरात फोटो आला. फोटोच्या कडेला बळीराम उभा आहे. त्याने चपला स्टेजखाली काढून ठेवल्या होत्या, तसं कुणी सांगितलं नव्हतं. तो फोटो चौकटीत घालून उषाबाईने देवांच्या वरच्या खिळ्याला लावला होता.

आठ महिन्यांपूर्वी, संध्याकाळी साडेसहाला, गजेंद्र ओल्या हाताने स्टार्टर ओढायला गेला आणि चिकटला. कुणीतरी लाकडी फळीने त्याला सोडवलं. तो पाठीवर पडला, डोळे उघडे. मगन मास्तर धावत आला. मास्तर आणि दोन ओडिया कारीगरांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. बळीराम रिक्षापर्यंत गेला, परत फिरला, आणि सवयीने ओरडला, त्याच्या मशीन चालू ठेवा रे.

मग तो स्वतःच त्या आठ मागांवर उभा राहिला. पाळी सुटायला दीड तास होता. गजेंद्रचा एक ताका निघायला थोडं कापड राहिलं होतं. तो ताका आज उतरला तर गजेंद्रचा दिवस भरणार होता. दवाखान्याचा खर्च येणार, तर पोराचा दिवस तरी कापला जाऊ नये, एवढाच विचार बळीरामच्या डोक्यात होता. जमिनीवर गजेंद्रची एक चप्पल पडली होती. ती पायाने बाजूला सारून तो कापडाची तुटलेली तार, म्हणजे धागा, जोडत राहिला. पावणेआठला ताका उतरला. त्याने चिठ्ठी लिहिली. नाव गजेंद्रचं, तारीख आजची, पाळी सकाळी आठ ते रात्री आठ. आणि चिठ्ठी ताक्याला बांधली.

रिक्षा तोवर दोन खाजगी दवाखान्यांतून परत फिरली होती. सरकारी इस्पितळात पोचायला सव्वानऊ वाजले. तिथे त्यांनी आणलं तेव्हाच मयत होता असं लिहिलं. कधी गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. बहुतेक बळीराम तार जोडत होता तेव्हाच गेला असेल.

शेठने फार चांगलं केलं, असं तेव्हा सगळे म्हणाले. दिवसकार्याचा खर्च त्याने केला. रंजनाच्या दारात गव्हाचं पोतं आणि तेलाचा डबा उतरवला. स्मशानात गजेंद्रच्या नावाचं सिमेंटचं बाकडं बसवलं. वरती गजेंद्रचं नाव बारीक अक्षरात, खाली देणाऱ्याचं मोठ्या. पुढच्या आठवड्यात त्या दोघा ओडिया कारीगरांच्या हातात गावाची तिकिटं पडली. बहिणीचं लग्न आहे, असं एक म्हणत होता. ते परत आले नाहीत, आणि बाकीचे कारीगर आपण काही पाहिलंच नाही म्हणू लागले.

रंजनाने दावा लावला तेव्हा शेठला वाईट वाटलं म्हणे. पोतं दिलं, बाकडं दिलं, तरी ही बाई कचेरीत गेली. पहिल्या तारखेला शेठच्या वकिलाने टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तो म्हणाला, हा कारीगर रात्री आठपर्यंत मागावर उभा होता, पूर्ण पाळी करून, ताका उतरवून घरी गेला. त्याच्या गल्लीत लोक आकडे टाकून वीज घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. शॉक तिथे बसला. कारखान्याचा काय संबंध?

मगन मास्तरने तसंच सांगितलं. गजेंद्र त्याला गल्लीच्या तोंडाशी पडलेला सापडला, आणि माणुसकी म्हणून त्याने रिक्षा केली.

युनियनच्या वकिलाने त्या चिठ्ठीची नक्कल गुरुवारी बळीरामसमोर धरली आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं? बळीरामने लगेच ओळखलं. त्याचा 'ग' असाच पडायचा, शेपूट लांब.  तो म्हणाला, मन्हं.

शनिवारी बळीराम खात्यात गेला नव्हता. दुपारी हर्षदा बारडोलीच्या एसटीने आली. महिन्यातून एकदा येत असे. हातात पिशवी आणि वर्गात शिकवलेल्या काहीतरी गोष्टी घेऊन. या वेळी आईने तिला पाणी देण्याआधी सगळं सांगितलं. हर्षदाने ऐकून घेतलं. ती घरात अहिराणी बोलत नसे. तिची मराठी शाळेतली होती आणि मैत्रिणींशी ती गुजरातीच बोले. तिने बापाला फक्त एवढंच विचारलं, "पप्पा, मला कुणी विचारणार आहे का?"

बळीरामने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. उषाबाई म्हणाली, विचारा, ती काय म्हणस ते विचारा. पण त्याने विचारलं नाही.  हर्षदा आईच्या पुढ्यातलं सूप ओढून तांदूळ निवडायला बसली.

तेवढ्यात मगन मास्तर आला. तो आला की गल्लीत कळे, कारण त्याच्याकडे स्कूटर होती. उषाबाईने पदर सावरला, खाटेवरची गोधडी झटकली, चहा टाकला. मास्तर नंदुरबारकडचा, एके काळी बळीरामबरोबर त्याच खोलीत वळकटी टाकणारा. आता तो त्याला बळीरामभाई म्हणे. त्याने सोमवारचं नावही काढलं नाही. हर्षदाला विचारलं, काय बेन, इंजेक्शन देता येतं का आता? पुढच्या परीक्षेची तारीख विचारली. बारडोलीला उसाचा रस चांगला मिळतो म्हणाला. मग त्याने खिशातून एक छापील पत्रिका काढून बळीरामच्या हातात दिली.

उद्या रविवारी ट्रस्टचा वार्षिक कार्यक्रम होता. या वर्षी शेठ एका कारीगराचाही सत्कार करणार होता. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. सेवाभावी कारीगर म्हणून. पत्रिकेत गुजरातीत बळीरामचं नाव छापलेलं होतं.

"शेठला सगळं माहीत आहे," मास्तर म्हणाला. "तुम्ही लोक एकमेकांच्या मशीन चालवता, पाळ्या देता, सगळं. आजचं नाही, पहिल्यापासून माहीत आहे. शेठ दुसऱ्या शेठलोकांना सांगतो, माझ्या खात्यात अठरा वर्षांत माणूस पडला म्हणून एक मशीन थांबली नाही. तुमच्याकडे आहे का असं? तो म्हणतो, आपण पैसे देतो ते काय दान आहे, खरं दान तर हा बळीराम देतो."

बळीरामने विचारलं, "एक मशीन थांबनी नही?"

"एक नाही. प्लेगचे दिवस सोडले तर."

मास्तरने चहा संपवला. उठताना त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघून हात जोडले. देवांना जोडले की फोटोला, ते कळलं नाही. जाताजाता दारात म्हणाला, चांगले कपडे घालून या, फोटोवाला येणार आहे.

उषाबाईच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत प्रथमच थोडं मोकळं काहीतरी आलं होतं. तिने पत्रिका हर्षदाला वाचायला लावली. बळीरामचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवून घेतलं. ती बोलू लागली, की यातही काही वाईट नाही, एवढी वर्षं केलं त्याचं कुणी नाव तर घेतलं, पांढरा शर्ट आत्ताच भिजवते, उद्यापर्यंत वाळेल. रंजनाला आपण अंतर देणार नाही. चारच्या सहा भाकरी देऊ. पोरगी नोकरीला लागली की रंजनाच्या मुलीला शिकवू. ती हे अगदी मनापासून बोलत होती.

बळीराम ऐकत नव्हता. तो बसल्या जागी कसलातरी हिशेब लावत होता, आणि तो पैशाचा नव्हता. लखनचा पाय मोडला, तेव्हा शेठला काय झालं? काही नाही. साक्रीच्या त्या पोराचं बोट गेलं, तेव्हा? काही नाही. कारण बोट गेलं त्या दुपारीही त्याचे माग चालूच होते आणि बळीराम त्यांच्यावर उभा होता. मास्तरला नवा माणूस शोधायला लागला नाही. शेठला विचारायला लागलं नाही की त्या पोराचं बोट कसं गेलं. स्टार्टरच्या पेट्या उघड्या होत्या, त्या अठरा वर्षं उघड्याच होत्या. चिंधा सतरा दिवस सोळा मागांवर उभा राहिला तेव्हा त्याने बळीरामची जागा राखली होती, हे खरं होतं. आणि शेठचंही काही थांबू दिलं नव्हतं, हेही खरं होतं. चिंधाने दुसऱ्या गोष्टीचा विचार केला नसेल. बळीरामनेही कधी केला नव्हता.

बाहेर नळाला पाणी आलं. उषाबाई हंडा घेऊन गेली. नळावर रंजना होती. तिने आपली कळशी बाजूला घेऊन उषाबाईला पुढे जाऊ दिलं. ती सोमवारबद्दल काही बोलली नाही. वकील आल्यापासून ती बळीरामच्या दारावरून जातानासुद्धा मान खाली घालून जात होती, आपल्या बघण्याने त्याच्यावर भार पडेल म्हणून. उषाबाईला ते समजत होतं, आणि समजत होतं म्हणूनच तिला रंजनाचा राग येत होता. तिने हंडा भरला आणि परत आली.

घरात दिवा लागला होता. हर्षदाने भात लावला होता. बळीराम खाटेवरून उठून फोटोपाशी गेला होता. उषाबाई आत आली तेव्हा त्याने फोटो खिळ्यावरून काढून, काच खाली करून फळीवर ठेवला होता, कॅप्सूलच्या पट्ट्यांशेजारी. भिंतीवर फोटोएवढा चौकोन उजळ दिसत होता.

उषाबाईने हंडा खाली ठेवला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.  उषाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिचे हात ओले होते, ते तिने पुसले नाहीत. हर्षदाने भातावरचं झाकण काढलं, वाफ आली, तिने पुन्हा लावलं.

"शर्ट भिजाडू नको," बळीराम म्हणाला. "उद्या मी कार्यक्रमले जाव नही. सकायनी एसटीतून हर्षदा आनि मी बारडोलीले जासूत आनि हॉस्टेलमाईन तिनं सामान लई यासूत. सोमवारे कचेरीमा चिठ्ठी मन्ही शे असं सांगसू."